अर्ध्या मोटारीचा काढा

शमुवेल आप्पा आमच्या दारात आले की आधी मोटारीचं बॉनेट उघडायचे. रेडिएटरचं झाकण फिरवून आत करंगळी बुडवायचे, ती जिभेवर टेकवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. तुमचे आजोबा रोग्याची नाडी धरून जसे छताकडे बघत, तसा तो सगळा थाट असे. मग निकाल यायचा. "तुरट हाय. अजून दम हाय," नाहीतर, "पाणी गोडं झालं, बाई. पहारेकरी झोपला." नमस्कार, चहा, पोराबाळांची विचारपूस, हे सगळं त्यानंतर. माणसांची पाळी मोटारीच्या मागून.

रेवा आणि ईशान, तुमच्याकडच्या मोटारींत हिरवं-निळं पाणी असतं ते मात्र चाखू नका. ते विष असतं. आमच्या मोटारीत तेव्हा साधं विहिरीचं पाणी आणि त्यात आप्पांचा काढा असायचा. हे एकदा लिहून टाकलं म्हणजे पुढचं मला निर्धास्तपणे सांगता येईल.

मी सांगते आहे ते चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यापासूनचं. तुमचे आजोबा शिरूरला डॉक्टर होते आणि दर गुरुवारी न्हावऱ्यावरून दौंडला जाऊन तिथले रोगी तपासत. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, शिरूरच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. आमच्याकडे एक जुनी निळी मोटार होती. पावसाळ्यात त्या रस्त्यावर ओढे वाहत. काळी माती मोटारीच्या पोटाला चिकटून दिवसेंदिवस ओली राहायची आणि वर रंग चकचकीत असला तरी खालून पत्रा गंजत जायचा. पायाखालची रबरी चटई उचलली की तांबड्या पापडाचे तुकडे हाती यायचे.

आप्पा दौंडच्या रेल्वेच्या इंजिनशेडमधून फिटर म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. उंच, काटक, खाकी अर्धी चड्डी आणि डोक्यावर तेलकट टोपी. रविवारी मात्र पांढराशुभ्र शर्ट घालून बायकोबरोबर, म्हणजे मार्थामावशींबरोबर, चर्चमध्ये प्रार्थनेला जात आणि त्या दिवशी पान्याला हात लावत नसत. "पाळकसाहेब सांगत्यात, गंज लागंल असली धनदौलत साठवू नका," ते म्हणायचे. "म्या म्हनलं, साहेब, दौलत आपल्यापाशी न्हाईच. डाक्टरांची मोटार हाय तेवढी साठवू द्या."

वाफेच्या इंजिनात पाणी उकळून उकळून बॉयलर आतून खाल्ला जाऊ नये म्हणून शेडमध्ये त्या पाण्यात झाडाच्या सालीची पूड टाकत. तरुणपणी ती टाकण्याचं काम आप्पांकडे होतं. इतरांनी ते काम केलं आणि विसरून गेले. आप्पांनी मात्र घरी येऊन मार्थामावशींच्या मडक्यात बाभळीची साल आणि हिरडे उकळायला सुरुवात केली. इंजिनाला चालतं ते मोटारीला का चालू नये, एवढाच त्यांचा प्रश्न. गंजलेला पत्रा घासून त्यावर तो गाळलेला काढा कुंचल्यानं फासायचा. तांबडा गंज बघता बघता काळा पडतो. वाळला की वर उकळलेलं जवसाचं तेल, त्यावर रंग.

"हिरडा लोखंडाला चावतो, बाई," त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं. "चावला का काळी खपली धरती. खपली धरली की जखम वाढत न्हाई. डाक्टरसाहेबांना इचारा."

डॉक्टरसाहेब वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, "माझ्या खपल्यांचं मला विचारा. लोखंडाचं हिला विचारा."

मला विचारायची गरज नव्हती. हिरड्यात टॅनिन असतं आणि टॅनिनचा लोखंडाशी संयोग होऊन काळा पदार्थ बनतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. परंतु पुस्तकात वाचणं वेगळं आणि चड्डीतल्या माणसानं ते मडक्यातून काढून दाखवणं वेगळं. मला थोडा राग आला होता, असं आता कबूल करते.

दौंडच्या गॅरेजवाल्यांना राग येत नव्हता, ते हसत होते. आप्पा रस्त्यानं निघाले की कुणीतरी हाक मारायचं, "ओ काढेवाले वैद्य, आमच्या ट्रकला खोकला झालाय!" आप्पा मागं वळून म्हणायचे, "ट्रकला न्हाई रं, डायवरला झालाय. बिडी सोड म्हनावं." पण ते त्यांच्या मनाला लागायचं. दौंडच्या दूधकेंद्राचे दूध गोळा करणारे चार टेम्पो होते. कॅनमधून सांडलेलं दूध आंबून त्यांचे पत्रे वर्षभरात सडायचे. आप्पांनी तिथल्या साहेबांना जाऊन सांगितलं, मला एक टेम्पो द्या, सडला तर माझी टोपी घ्या. साहेब म्हणाले होते, "कुणा शिकलेल्या माणसाचा कागद आणा, मग बघू."

म्हणून आप्पा आमच्याकडे आले होते. मोटार दुरुस्त करायला नव्हे, कागद मागायला. "दोन वळी लिवा, बाई. शमुवेलच्या काढ्यानं गंज थांबतो. खाली तुमची सही आन् ती बीएशी."

मी म्हणाले, "आप्पा, तपासल्याशिवाय मी काहीही लिहीत नाही."

"तपासा की! नको कोन म्हनतंय?"

त्यांनी सांगितलेलं प्रमाण मी नोंदवहीत उतरवून घेतलं. हिरडे इतके तोळे, साल इतकी, पाणी इतकं, वेळ इतका. पुढच्या रविवारी मी स्वतः काढा केला, त्यात खिळे बुडवून काढले आणि दुसरे साधे खिळे शेजारी ठेवून दोन्हींवर रोज पाणी शिंपडलं. आठ दिवसांत दोन्ही सारखेच तांबडे. आप्पा आल्यावर मी त्यांना बशी दाखवली. खरं सांगायचं तर जरा ऐटीतच दाखवली.

आप्पांनी खिळ्यांकडे बघितलंच नाही. उरलेल्या काढ्यात करंगळी बुडवून चाखली आणि तोंड वाकडं केलं. "तुरट कुठं हाय ह्यात? कशात उकळलंत, बाई?"

"कढईत."

"कसल्या?"

मी कढई आणून दाखवली. आमची मोठी कढई लोखंडी होती.

"अवो, मग हिरडा कढईलाच चावला की! तिथंच त्याचं पोट भरलं. भरल्या पोटी तो तुमच्या खिळ्याला कशाला तोंड लावंल?" आप्पा इतके हसले की टोपी काढून त्यांनी डोळे पुसले. तुमचे आजोबा आतल्या खोलीत हसत होते ते मला भिंतीतून ऐकू येत होतं. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेल्या बाईनं मातीच्या मडक्याचं कारण विचारलं नव्हतं. प्रमाण लिहून घेताना भांडं हे प्रमाणात धरायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं. नोंदवहीत मी त्या दिवशी लाल पेन्सिलीनं लिहिलं, 'भांडे: मातीचे', आणि खाली दोन रेघा ओढल्या.

कढईतलं ते काळं पाणी मी ओतून द्यायला निघाले, तर आप्पांनी हात धरल्यासारखं थांबवलं. "थांबा. मोटारीचं औषध न्हाई झालं, पर शाई झ्याक झालीया. वाया कशापायी घालवायची?" फडक्यानं गाळून त्यांनी ती औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरली आणि खिशात घालून दौंडला घेऊन गेले. जुन्या काळी शाई अशीच करत, हे मलाही ठाऊक होतं. फक्त वेळेवर आठवलं नव्हतं.

आता मला आणखी नेटकी परीक्षा घेणं भाग होतं. मी ठरवलं की मोटारच परीक्षेला बसवायची. उजव्या बाजूचा, म्हणजे आजोबा गाडी चालवायला बसत तिकडचा तळ आप्पांच्या पद्धतीनं करायचा. डाव्या बाजूचा, म्हणजे माझ्या बाजूचा, नुसता घासून रंगवायचा. दोन पावसाळे जाऊ द्यायचे. फरक पडला तर कागद, नाही पडला तर नाही.

आप्पांचा चेहरा पडला. "अर्धी मोटार?"

"तुलना करायला दुसरी बाजू तशीच ठेवावी लागते, आप्पा. शास्त्राची रीतच आहे."

"डाक्टरसाहेब, तुम्ही अर्ध्या लेकराला लस टोचता का वो?"

"मला यात ओढू नका," आजोबा म्हणाले. "मी उजवीकडे बसतो."

शेवटी आप्पा कबूल झाले. कागद हवा होता ना. मे महिन्याच्या शेवटी दोन दिवस अंगणात काम चाललं. पहिल्या दिवशी मी वही घेऊन शेजारी स्टुलावर बसले होते. उजवा तळ घासून झाला, काढा फासला, पत्रा काळा होत गेला. मग चुलीवर जवसाचं तेल उकळू लागलं आणि त्याचा वास मला असह्य झाला. आधी कितीदा तो वास घेतला होता, कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र दोनदा उठून मोरीकडे पळावं लागलं. परत येऊन मी नोंदवहीत लिहिलं, 'तेल खवट.' आप्पांनाही तसं सुनावलं. त्यांनी तेलाचा वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. आपल्या तेलाला नावं ठेवलेली त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतली, हे खरं तर तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही मला सकाळी शाळेत कामासाठी जावं लागलं. मी परत आले तेव्हा डाव्या बाजूचा रंग वाळत होता.

"झाली डावी बाजू?"

"रंगवली, बाई," आप्पा म्हणाले. आणि लगेच रेडिएटरमध्ये करंगळी बुडवायला गेले.

पुढच्या दोन पावसाळ्यांत बरंच काही घडलं. पहिल्याच पावसाळ्यात मला कळलं की मला दिवस गेले आहेत, आणि वर्ष उलटता उलटता तुमची आई, नंदा, जन्माला आली. मोटार दर गुरुवारी चिखल तुडवत दौंडला जाऊन येत राहिली. आप्पा महिन्यातून एकदा एस.टी.नं येत आणि रेडिएटर चाखून जात. तुमची आई रांगायला लागली तेव्हा तिनंही एकदा बंपर चाटून पाहिला. आप्पांनी विचारलं, "तुरट हाय का गं?" आणि ती हसली म्हणून त्यांनी तिला शेडमध्ये भरती करून टाकली.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी सतरंजी टाकून मोटारीखाली शिरले. हातात बॅटरी आणि गोणी शिवायचं दाभण. उजव्या बाजूला दहा ठिकाणी टोचून पाहिलं, डाव्या बाजूला दहा ठिकाणी. पत्रा दोन्हीकडे टणक. कुठं दाभण आत गेलं नाही. मी बाहेर आले, हात धुतले, वही उघडली आणि जे दिसलं ते लिहिलं. 'दोन्ही बाजू सारख्या. काढ्याचा परिणाम: नाही.'

आप्पा पायरीवर बसले होते. मी त्यांना वाचून दाखवलं.

"म्हंजी कागद न्हाई?"

"नाही, आप्पा. नुसत्या रंगानंही तेवढंच काम केलं. खोटं कसं लिहू?"

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, आता भांडतील. तर म्हणाले, "बरुबर हाय. खोटं लिवू नये." मग चहा प्याले, नंदाला खांद्यावर घेऊन अंगणात एक फेरी मारली आणि एस.टी. गाठायला गेले. गॅरेजवाले त्यानंतर त्यांना आणखीच चिडवू लागले. "बाईंनी नापास केलं वैद्यांना!" ही बातमी आजोबांनीच दौंडला सहज कुणाला तरी सांगितली होती, याचं त्यांना पुढे फार वाईट वाटलं. आप्पांनी आमच्याकडे यायचं मात्र सोडलं नाही. काढा घेऊन येत, रेडिएटरमध्ये ओतत. मी म्हणायचे, "आप्पा, याचा उपयोग नाही हे सिद्ध झालंय ना?" ते म्हणायचे, "व्हय, झालंय. तोंड धुवायचा बी उपेग नसतो, बाई. परत मळतंच. म्हनून कुनी सोडतंय व्हय?"

अशीच आणखी दोन वर्षं गेली. एकदा आम्ही पुण्याहून दौंडला निघालो होतो. मागच्या सीटवर तुमची आई, तीन वर्षांची. यवतच्या अलीकडे मागं धाडकन आवाज झाला. आजोबांनी गाडी थांबवली आणि आम्ही तिघांनी एक अजब गोष्ट पाहिली. आमचंच एक चाक आम्हाला मागं टाकून पुढे चाललं होतं. रस्ता ओलांडून ते एका ढाब्यापाशी गेलं आणि तिथल्या बाजेला टेकून शहाण्यासारखं उभं राहिलं. नंदा टाळ्या पिटत होती. आजोबांनी उतरून चाकं मोजली. चार होती. डिकी उघडली तेव्हा उलगडा झाला. जादा चाक ठेवायचा खोलगट पत्रा गंजून चाळण झाला होता आणि स्टेपनी तळातून खाली पडली होती.

त्या ढाब्याशेजारीच पत्र्याचं काम करणारा एक मिस्त्री होता. त्यानं डिकी पाहिली आणि म्हणाला, "डाक्टर, डिकीची ही गत, म्हंजी पुढचा तळ बी गेला असंल. रंग खरवडून बघतो." आधी त्यानं उजवी बाजू खरवडली. रंगाखाली काळाभोर, घट्ट पत्रा. ते आप्पांचं काम. मग त्यानं डावी बाजू खरवडली.

तीही काळी निघाली.

मी वाकून पुन्हा पाहिलं. बोट फिरवलं. रंगाखाली तीच काळी खपली, उजवीपेक्षा जाड. दोन हात फासलेली. मिस्त्री म्हणाला, "हे कुनी केलंय? लई नामी काम हाय. डिकी तेवढी इसरला गडी."

मी तिथंच ढाब्याच्या बाजेवर, त्या चाकाशेजारी बसले. डाव्या बाजूला काढा लावला नव्हता असं मी धरून चालले होते. डिकीकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं, ना माझ्या वहीचं, ना आप्पांच्या कुंचल्याचं. काढा न लावलेली खरी जागा तीच होती आणि तिची चाळण झाली होती. म्हणजे परीक्षेत आप्पा पास झाले होते आणि मी त्यांना नापास केलं होतं. आणि हे त्यांना त्या दिवशी पायरीवर बसल्या बसल्या माहीत होतं.

चाक मागच्या सीटवर नंदाच्या शेजारी बसवून आम्ही तसेच दौंडला गेलो. आप्पा दारात हिरडे फोडत होते.

"आप्पा, तुम्ही मला फसवलंत," मी म्हणाले. "डाव्या बाजूला काढा लावलात."

त्यांनी हातोडी खाली ठेवली. "खोटं न्हाई बोललो, बाई. रंगवली म्हनलं. खाली काय हाय, तुम्ही इचारलं न्हाई."

"पण का? तुमचाच कागद गेला त्यात! दोन ओळींसाठी दोन वर्षं थांबलात आणि स्वतःच घालवलात?"

आप्पा नंदाकडे बघत राहिले. ती त्यांच्या हिरड्यांचा ढीग लावत होती. "त्या दिशी जवसाच्या वासानं तुम्ही दोनदा मोरीकडं पळाला," ते म्हणाले. "माझं तेल खवट नव्हतं. घान्यावरनं आदल्या दिशी आनलेलं. मार्थाला बी दोनदा असंच झालं हुतं. तवा मला कळलं. तुमाला कळायच्या आदी." मग जरा हसून, "त्या बाजूला तुम्ही येकट्या बसनार नव्हता. रस्त्यात पत्रा गेला असता म्हंजी? कागदाचं काय, कागद सडला तर सडला."

आतून मार्थामावशींचा आवाज आला. "तवाच म्हनलं हुतं ह्यांना, बाईंना जाऊन सांगा. तर म्हनत्यात, मंग बाईंची परीक्षा चुकली आसं व्हईल. तुमाला वाईट वाटंल म्हनून गप राह्यले."

तुमचे आजोबा एकदम खूप लक्ष देऊन मडकं बघायला लागले.

मी वही काढली. "आत्ता लिहिते कागद."

"थांबा," म्हणून आप्पा आत गेले आणि औषधाची एक बाटली घेऊन आले. माझ्या कढईतली शाई. वर बुरशीचा पातळ थर आला होता, तो त्यांनी काडीनं बाजूला केला. "ह्यानं लिवा. तुमच्याच हातची हाय."

टाक शेजारच्या घरातून आणला. मी लिहिलं की शमुवेल आप्पांचा हिरड्या-बाभळीचा काढा लावलेला मोटारीचा पत्रा शाबूत राहिला आणि न लावलेला सडला, हे मी स्वतः पाहिलं आहे. खाली सही, बी.एस्सी. मोठ्यानं वाचून दाखवलं.

"आजून येक लिवा," आप्पा म्हणाले. "डिकी इसरलो, ती चूक शमुवेलची."

"अहो, ती विसरलात म्हणूनच तर सिद्ध झालं!"

"आसंल. तरी बी लिवा. खोटं लिवू नये."

लिहिलं. तो कागद घेऊन ते दुधाच्या टेम्पोंच्या साहेबांकडे गेले. साहेब बदलून गेले होते, पण नव्या साहेबांनी एक टेम्पो दिला. मग दुसरा. पुढे चारही. एकदा साहेबांनी विचारलं म्हणे, आधी अर्धाच करून बघू या का? आप्पा टोपी घालून उठून उभे राहिले. "अर्धं आपल्याकडं व्हत न्हाई."

पुढे बऱ्याच वर्षांनी ते गेले तेव्हा मार्थामावशींनी तो कागद मला परत आणून दिला. प्रार्थनेच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात घडी करून ठेवलेला असायचा, म्हणाल्या. घडीवर फाटला आहे, पण अक्षर काळंभोर आहे. माझ्या वहीतल्या त्या काळच्या बाकीच्या नोंदी आता इतक्या फिक्या झाल्या आहेत की भिंग घेऊन वाचाव्या लागतात.

बाटलीच्या तळाशी थोडी शाई उरली होती, तीही मावशींनी दिली. तिनं मी वहीत दोन दुरुस्त्या केल्या. 'काढ्याचा परिणाम: नाही' यातलं 'नाही' खोडून 'होय' केलं. आणि मे महिन्याच्या पानावर, 'तेल खवट' होतं तिथं रेघ मारून शेजारी लिहिलं, 'तेल उत्तम होते. नंदा होती.'